चांदीच्या जुन्या डब्या: पारख झाकणापासून सुरू करा

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडीला आलेल्या चांदीत पैंजण, ताटल्या, वाट्या यांच्याबरोबर अधूनमधून एखादा कुंकवाचा करंडा किंवा चुन्याची डबीही येते. तिचं वजन होतं, घट वजा होते आणि थोड्याच दिवसांत ती बाकीच्या मोडीबरोबर गाळायला जाते. छिन्नीने काढलेली नक्षी, नीट बसवलेली बिजागरी, झाकणाची घट्ट कड, यांतलं काहीच त्या हिशेबात धरलेलं नसतं. चांदीचा भाव चढला की जुन्या डब्या आणखी झपाट्याने भट्टीत जातात. त्यामुळे हा छंद धरायचा असेल तर तो आत्ताच धरावा, आणि डोळसपणे धरावा.

हा लेख ज्यांच्याकडे अजून एकही डबी नाही त्यांच्यासाठी आहे. नवखा माणूस डबी हातात घेतल्यावर आधी नक्षी बघतो, मग वजन विचारतो. आमचं म्हणणं असं की आधी झाकण बघा. डबी मूळची आहे की जोडून केलेली, हाताने घडवली की साच्यातून काढली, किती वापरली गेली, दुरुस्त कुणी आणि कशी केली, यातलं बहुतेक सगळं झाकणाच्या कडेवर आणि बिजागरीत दिसतं.

पहिली पायरी: एकच प्रकार धरा

‘चांदीची जुनी डबी’ म्हटलं की पसारा फार मोठा होतो. सुरुवातीला एकच प्रकार घेतला तर डोळा लवकर तयार होतो, कारण एकसारख्या दहा वस्तू शेजारी ठेवल्यावरच फरक कळायला लागतात. आपल्या भागात सहज भेटणारे प्रकार असे:

चुन्याची डबी, म्हणजे चुनाळं. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी, गोल, लंबगोल किंवा पानाच्या घाटाची. काहींना साखळी आणि साखळीला दातकोरणं, कानकोरणं अडकवलेलं असतं. निपाणीचा तंबाखूचा पट्टा शेजारीच असल्याने चुन्याच्या आणि तंबाखूच्या डब्या कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज भागात चांगल्या प्रमाणात सापडतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं आमचं मत आहे. वजन कमी, म्हणून धोकाही कमी.

कोयरी आणि करंडा. कोयरी हळदीकुंकवाची, आंब्याच्या घाटाची, बहुधा आत दोन कप्पे असलेली. जुन्या करंड्यात कुंकवाखाली लावायच्या मेणासाठी वेगळा कप्पा असतो, काहींच्या झाकणात आतून आरसा बसवलेला असतो. आरसा मूळचा असेल तर तो काढू नका. पारा उडालेला, काळे डाग पडलेला आरसा नव्या चकचकीत आरशापेक्षा मोलाचा. पंचपाळं याच कुळातलं, पण आकाराने मोठं आणि जड, म्हणून ते नंतर.

याशिवाय तपकिरीची डबी, काजळाची डबी, लवंग-वेलदोड्याची डबी, अत्तराची छोटी पेटी, ताईत. बाहेरून आलेल्या डब्यांत कच्छी कामाच्या, कटकच्या तारकामाच्या आणि विलायती तपकिरीच्या किंवा काडेपेटीच्या डब्या भेटतात. बिदरीची डबी मात्र चांदीची नव्हे. ती जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूची असते, चांदी फक्त पृष्ठभागावर जडवलेली असते. सुंदर असते, पण चांदीच्या वजनाने तिचे पैसे मोजायचे नाहीत.

एका प्रकाराबद्दल वेगळं सांगायला हवं. लिंगायत घरांतून इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी कधीकधी विक्रीला येते. सीमाभागात तिला करडगी म्हणतात. ती घेताना आत इष्टलिंग नाही ना हे आधी बघा. असेल तर ते घरच्यांना किंवा त्यांच्या मठात परत गेलं पाहिजे. ती जमवण्याची वस्तू नव्हे.

दुसरी पायरी: खरेदीआधी बघणं

न्यू पॅलेसमधल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात राजघराण्याच्या वस्तूंमधलं चांदीकाम निवांत पाहता येतं. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय चुकवू नका. पानाचे डबे, अडकित्ते, घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तू तिथे जितक्या एकत्र दिसतात तितक्या क्वचितच कुठे दिसतील. काचेआडची वस्तू हातात घेता येत नाही, पण घाट डोळ्यांत बसतो. घरातल्या, नात्यातल्या जुन्या डब्या मात्र मागून हातात घ्या, उघडा, मिटा. खात्रीने जुनी असलेली एक डबी पुन्हा पुन्हा हाताळली की बाजारातली बनावट डबी बोटांनाच खटकते.

जवळ ठेवायची साधनं थोडीच आहेत: १० पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, मोबाइलच्या प्रकाशापेक्षा बारीक झोत देणारी टॉर्च, आणि एक लोहचुंबक. चुंबकाने चांदी सिद्ध होत नाही. पितळ आणि जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाहीत. त्याचा उपयोग बिजागरीत नंतर घातलेली लोखंडी सळी पकडण्यापुरता.

तिसरी पायरी: झाकणाची तपासणी

डबी हातात आली की याच क्रमाने बघत जा.

एक, झाकण मिटून डबी कानाजवळ हलवा. झाकण खुळखुळत असेल तर बिजागरीची भोकं झिजून मोठी झाली आहेत किंवा कड वाकली आहे. थोडी ढिलाई जुन्या डबीत असतेच. पण तपकिरीची डबी ढिली असेल तर ती मूळची तशी नसणार, कारण तपकीर सांडेल असं झाकण कुणी वापरात ठेवत नाही.

दोन, डबी डोळ्यांच्या रेषेत धरून झाकण आणि अंग यांमधली फट सगळीकडून बघा. हाताने घडवलेल्या चांगल्या डबीत फट सगळीकडे सारखी असते आणि झाकण एकाच ठरावीक दिशेने सर्वांत छान बसतं. बिजागरी नसलेल्या सुट्या झाकणाच्या डब्यांत कारागीर कधीकधी झाकणावर आणि अंगावर जुळणारी बारीक खूण करून ठेवतो. ती जुळते का पाहा. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला घासाघीस असेल तर डबी पडून पोचली आहे, किंवा झाकण दुसऱ्या कुठल्या डबीचं आहे.

तीन, झाकण आणि अंग यांच्या चांदीचा रंग, पत्र्याची जाडी आणि नक्षीचा हात ताडून बघा. झाकणावरच्या पाकळ्यांच्या रेघा खोल आणि ठाम, तर अंगावरच्या उथळ आणि डळमळीत, असं असेल तर दोन वेगळ्या डब्या एकत्र केल्या आहेत. झिजही जुळायला हवी. अंगठा जिथे रोज टेकतो तिथे, म्हणजे झाकणाच्या पुढच्या ओठावर, सर्वांत जास्त झीज असते. झाकण कोरं आणि बूड गुळगुळीत झिजलेलं, हे होत नाही.

चार, बिजागरी. तिच्या नळ्या मोजा. बहुधा त्या विषम असतात, तीन किंवा पाच, कधी सात. एकाआड एक नळी झाकणाला आणि अंगाला डाखलेली, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडलेली. नळ्यांच्या भोवती भिंगाने बघा. जुना चांदीचा डाख आजूबाजूच्या चांदीत मिसळून गेलेला असतो, फार तर किंचित पिवळसर रेघ दिसते. राखाडी, मऊ, ओघळलेला ठिपका दिसला तर तो कथिल-शिशाचा डाख. त्याची किंमत पुढे दुरुस्तीत मोजावी लागते, म्हणून तो दिसला की भाव खाली आणा किंवा डबी सोडून द्या.

पाच, फिरकीचं झाकण असेल तर आटे बघा. हाताने काढलेल्या आट्यांचं अंतर थोडं कमीजास्त असतं, टोकं बोथट असतात. एकसारखे, धारदार आटे यंत्रावरचे. यंत्राचे आटे असले म्हणजे डबी खोटी ठरत नाही, पण विकणारा ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ म्हणत असेल तर तिथेच थांबा.

या पाचही गोष्टींना मिळून पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. झाकणात काही खटकलं तर पुढच्या तपासण्या करायची गरजच उरत नाही.

चौथी पायरी: काम कसलं आहे

उठावाचं काम आतून बाहेर ठोकून काढलेलं असतं, म्हणून डबीच्या आत तीच नक्षी उलटी, खोलगट दिसते. बाहेर उठाव आणि आत सपाट असेल तर दोन शक्यता: आतून वेगळा पत्रा बसवला आहे, किंवा डबी ओतीव आहे. ओतीव डबीत नक्षीच्या कोपऱ्यांत बारीक दाणे, सुईच्या टोकाएवढी छिद्रं आणि साच्याच्या जोडाची रेघ सापडते. मूळ जुन्या डबीवरून साचा घेऊन केलेल्या नकलांमध्ये रेघांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. छिन्नीची खरी रेघ भिंगाखाली स्वच्छ दिसते, टोकाला निमुळती होते.

ठशात दाबून काढलेल्या नव्या डब्या पत्र्याने फार पातळ असतात. मोराची दोन्ही पिसं हुबेहूब एकसारखी असतील, एका अणूचाही फरक नसेल, तर तो ठसाच.

काळेपणाचाही अभ्यास हवा. खऱ्या वापरात उंच भाग हाताने उजळ राहतात आणि खोलगट भागांत काळसरपणा हळूहळू गडद होत जातो. गंधकाचं रसायन लावून जुनी केलेली डबी सगळीकडे सारखी निळसर-काळी असते, किंवा वरवर पुसल्याने उंच भाग आणि खोल भाग यांच्यात एकदम सीमा दिसते. बिजागरीच्या नळ्यांच्या आतही काळा रंग पोचलेला असेल पण झीज मात्र काहीच नसेल, तर संशय पक्का.

पाचवी पायरी: चांदी आहे का आणि किती

चांदीचा मुलामा दिलेलं पितळ, तांबं आणि जर्मन सिल्व्हर ही तीन फसवणुकीची मुख्य रूपं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. मुलामा आधी कडांवर, बुडाच्या काठावर आणि बिजागरीजवळ उडतो. तिथे भिंगाखाली लालसर किंवा पिवळट रंग दिसतो का ते बघा.

घरी करण्यासारखी सर्वांत भरवशाची चाचणी पाण्यातल्या वजनाची आहे. पायऱ्या अशा:

१. डबी कोरडी तोला. समजा ४६.६० ग्रॅम.

२. काट्यावर पाण्याची काचेची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. त्याआधीच पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून ठेवा, म्हणजे नक्षीत हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

३. डबी उघडी ठेवून बारीक दोऱ्याने बांधा आणि पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही अशी पाण्यात धरा.

४. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो डबीचं घनफळ. समजा ४.५० आला.

५. कोरडं वजन भागिले हा आकडा. ४६.६० ÷ ४.५० = १०.३६.

शुद्ध चांदीची घनता १०.४९. ९२.५ टक्के चांदीत बाकी तांबं असेल तर साधारण १०.३६, ८० टक्के असेल तर १०.१४ च्या आसपास. तांब्याची ८.९६. पितळ आणि जर्मन सिल्व्हर बहुधा साडेआठच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे वरच्याच डबीला पाण्यात ५.४० आकडा आला असता तर घनता ८.६३ निघाली असती आणि विषय संपला असता.

ही चाचणी कुठे चुकते तेही नीट समजून घ्या. १८.६० ग्रॅमच्या चुनाळ्याचं घनफळ १.८० असेल तर घनता १०.३३ येते, पण मोजताना ०.०५ ची चूक झाली आणि १.८५ वाचलं तर तीच १०.०५ दिसते. लहान डबीत एवढ्याशा चुकीने ‘उत्तम’ची ‘हलकी’ होते. म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. आत लाख किंवा राळ भरलेली, आरसा, खडे किंवा लाकडी अस्तर असलेली डबी या चाचणीला लावूच नका. आकडा चुकेल आणि पाणी आत शिरून नुकसान होईल. बंद पोकळ बूड असेल तरीही तेच.

गुजरीत टंच, म्हणजे चांदीची शुद्धता टक्क्यांत, काढायचं मशीन असतं. ते किरणांनी मोजतं, डबीला ओरखडा पडत नाही. पण ते फक्त वरचा थर वाचतं. कारागीर डबी तापवून चिंचेच्या पाण्यात किंवा आम्लात उजळतो तेव्हा पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर जास्त शुद्ध चांदीची साय राहते. मशीन ती साय वाचून जास्त टंच दाखवतं. मुलाम्याच्या वस्तूवर तर ते सरळ फसतं. उपाय सोपा: झाकणाच्या आतली कड, बुडाचा झिजलेला काठ आणि अंगाचा मधला भाग, अशा तीन जागी वाचायला सांगा. झिजलेल्या जागेचा आकडा खरा धरा.

कसोटीच्या दगडावर घासायचं असेल तर झाकणाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवरून. सोनाराला कानस मारू देऊ नका. बुडावर कानशीची खाच असलेली कितीतरी चांगली डबी केवळ त्या खाचेने पडेल भावात जाते.

सहावी पायरी: वयाचा अंदाज

इथे घाई करू नये, कारण आपल्याकडच्या डब्यांवर साल क्वचितच असतं. पण काही धागे मिळतात.

ब्रिटिश काळातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा होता. १९४० पासून तो निम्म्या चांदीचा झाला. रुपये गाळून वस्तू करून घेणं सर्रास चालायचं, त्यामुळे अनेक जुन्या डब्यांचा टंच नव्वदच्या आसपास येतो. डबीचा टंच ९२ च्या खाली आहे म्हणून ती खोटी, असं समजू नका. ९२.५ हे विलायती स्टर्लिंगचं प्रमाण; आपल्या जुन्या कारागिराला ते बंधनकारक नव्हतं.

झाकणावर नाणं बसवलेलं असेल तर नाण्याचं साल डबीची अलीकडची नव्हे, पलीकडची मर्यादा सांगतं. नाण्यावर १९१४ असेल तर डबी १९१४ च्या आधीची नाही, इतकंच. त्यानंतर ती केव्हाही झालेली असू शकते. नाण्याचं साल दाखवून वय सांगणारा विक्रेता सगळीकडे भेटतो.

ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं मालकाचं नाव ही फार मोलाची गोष्ट. मोडी लिपीत असेल तर आणखीच. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या वापरातून मागे पडली. कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या. काही विक्रेते नाव घासून काढतात. डबीवर तोंडाने वाफ सोडा: घासलेल्या जागेचा डाग क्षणभर वेगळा दिसतो, आणि तिथला पत्रा बोटाला पातळ लागतो.

विलायती डबीवर चिन्हांची ओळ असते. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन. शिवाय सालाचं अक्षर आणि घडवणाऱ्याची अक्षरं. १७८४ ते १८९० या काळात राजा किंवा राणीचं मुंडकंही असतं, ते कर भरल्याची खूण. चिन्हं झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे हवीत. एकावरच असतील तर झाकणाच्या तपासणीकडे परत जा. कच्छी कामात ‘ओ.एम.’ किंवा ‘ओ.एम. भूज’ असा शिक्का उमरशी मावजी यांचा. त्याला भाव फार मिळतो, म्हणून तो खोटाही फार मारला जातो. शिक्का बघण्याआधी काम बघा: त्या दर्जाच्या कामात वेलबुट्टीच्या मागची जमीन सगळीकडे बारीक आणि एकसारखी ठोकलेली असते.

सातवी पायरी: भाव आणि खरेदी

आधी धातूचं मोल काढा. ग्रॅममधलं वजन × टंच × ग्रॅमचा भाव. हिशेबापुरता भाव किलोला १,००,००० धरला तर ग्रॅम १०० रुपये. ४८ ग्रॅमच्या, ९० टंचाच्या डबीत ४३.२ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे ४,३२० रुपये. त्या दिवसाचा खरा भाव घालून हाच हिशेब दुकानात उभं राहून करता आला पाहिजे. वजन तोळ्यात सांगितलं तर तोळा कुठला ते विचारा. जुना ११.६६ ग्रॅमचा, हल्ली पेढीवर १० ग्रॅमचा. पाच तोळ्यांत सव्वाआठ ग्रॅमचा फरक पडतो.

धातूच्या वर किती द्यायचं ते कामावर. साधी, बिननक्षीची, धड डबी असेल तर थोडंच. उठावाचं ठाम काम, मूळ झाकण, मूळ साखळी, नाव असेल तर दुप्पट-तिप्पट देणंही योग्य. पोचलेली, डाखलेली, जोडून केलेली डबी धातूच्या भावातही घेऊ नका. नवखे स्वस्तात मिळाली म्हणून पाच मोडक्या डब्या घेतात. त्याच पैशांत एक धड डबी घेतली असती तर ती आयुष्यभर बघत बसता आली असती.

गुजरीत ‘अँटिक दाखवा’ असं म्हणू नका. ‘मोडीत जुन्या डब्या, करंडे आले तर गाळायच्या आधी मला दाखवा, मोडीपेक्षा वर देईन’ असं सांगा आणि दिलेला शब्द पाळा. दसरा-दिवाळी, पाडवा, अक्षय तृतीया आणि लग्नसराईत लोक जुनं देऊन नवं घेतात, तेव्हा मोड जास्त येते. त्या दिवसांत सराफाला वेळ नसतो, म्हणून आधीच सांगून ठेवा आणि सण उलटल्यावर जा.

मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार इथेही डब्या असतात, पण तिथे पारख पक्की झाल्यावर जावं. फोटोवरून खरेदी करत असाल तर पाच फोटो मागा: झाकण उघडं असताना आतून, बिजागरी जवळून, बूड, बाजूने फट दिसेल असा, आणि काट्यावर वजनासह. यांतला बिजागरीचा फोटो टाळला जात असेल तर कारण बहुधा बिजागरीतच असतं.

एखाद्या घरातून थेट घेताना, विशेषतः अडचणीत असलेल्या घरातून, त्या दिवसाचा भाव आणि वजन त्यांच्यासमोर काढा आणि कामाचं मोल वेगळं सांगा. त्यांना वस्तूची किंमत माहीत नाही याचा फायदा घेऊन केलेला संग्रह कितीही मोठा झाला तरी तो चांगला म्हणता येत नाही. पावती घ्या, घरगुती व्यवहारात साध्या कागदावर नाव, तारीख, वस्तूचं वर्णन आणि सही. चोरीचा माल आपल्या हातात आला तर हाच कागद उपयोगी पडतो.

आठवी पायरी: घरी आल्यावर

पहिला नियम, लगेच चकचकीत करू नका. खोलगट भागांतला काळसरपणा नक्षी उठून दिसण्यासाठी हवाच असतो.

करंड्यात जुनी लाल पूड उरलेली असेल तर ती फुंकू नका, कोरडी झटकू नका. जुना शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, दोन्ही विषारी. हातमोजे घालून ओल्या कापसाने टिपून घ्या आणि तो कापूस पिशवीत बंद करून टाका.

चुनाळ्यातला वाळलेला चुना हवेने दगडासारखा झालेला असतो. सुरीने खरवडलं की आत कायमचे ओरखडे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून आत थोडं घाला. बुडबुडे येऊन चुना सुटतो. दहा-पंधरा मिनिटांनी ओतून टाका, लाकडी काडीने सुटलेला भाग काढा, पुन्हा करा. रात्रभर ठेवू नका, मिश्रणातल्या तांब्यावर परिणाम होतो. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा, बिजागरीतलं पाणी मंद हवेने उडवा.

अंग साफ करायला कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ कापड बहुतेक वेळा पुरतं. त्याहून जास्त हवं असेल तर पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून कापसाने हलकेच, फक्त उंच भागांवर. दर वेळी चांदीचा थोडा थर जातोच, म्हणून वर्षातून एकदापेक्षा जास्त नको.

टूथपेस्ट, राख, तांब्या-पितळेची पावडर, घासणी हे सगळं वर्ज्य. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती काळेपणा खरंच काढते, पण सगळाच काढते. डबी पांढरीफटक दिसते आणि खारं पाणी जोडांत शिरून राहतं. नक्षीच्या जुन्या डबीवर ती करू नका. सराफाच्या बफ मशीनवर तर डबी कधीच देऊ नका. मिनिटाभरात छिन्नीच्या कडा गोल होतात आणि त्या परत आणता येत नाहीत.

नववी पायरी: दुरुस्ती

शक्यतो करू नये. करावीच लागली तर बारीक डाखकाम करणारा कारागीर हवा, आणि त्या बाबतीत आपण नशीबवान आहोत: चांदीकामाचं गाव हुपरी जवळ आहे. साखळी-पैंजणाचं काम करणाऱ्या हाताला बारीक डाखाची सवय असते. त्याला तीन गोष्टी आधीच सांगा. चांदीचाच डाख लावायचा, कथलाचा नाही. बिजागरीत लोखंडी सळी नको, चांदीची किंवा पितळेची. लोखंड गंजून नळी फोडतं. आणि काम झाल्यावर उजळायचं नाही, घासायचं नाही, जशी आहे तशी परत द्यायची.

डबीवर आधीच कथिल-शिशाचा डाख असेल तर ते न सांगता भट्टीला देऊ नका. जास्त आच लागली की शिसं चांदीत उतरतं आणि त्या जागी खड्डे, भोकं पडतात. आधी तो डाख खरवडून पूर्ण काढावा लागतो. तसं करायला कारागीर तयार नसेल तर दुरुस्ती सोडून द्या.

पोचा काढण्याच्या भानगडीत उठाव सपाट होतो. लहान पोचा तसाच राहू द्यावा.

दहावी पायरी: ठेवणं आणि नोंद

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे, आणि दमट हवेत ते काम वेगाने होतं. आपला पावसाळा लांब आणि ओला, म्हणून जूनच्या आधीच बंदोबस्त करा. प्रत्येक डबी धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा, मग झिपच्या साध्या पॉलिथिन पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. रबर बँड, लोकर, वर्तमानपत्र आणि मऊ प्लॅस्टिकचे चिकट कप्पे लांब ठेवा. रबरात गंधक असतं आणि त्याची काळी रेघ धातूत रुतते. झाकण पूर्ण घट्ट मिटू नका, मध्ये मलमलीचा तुकडा ठेवा. डबीला डबी लागू देऊ नका.

वहीत प्रत्येक डबीसाठी एक पान: प्रकार, लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये, वजन, तीन जागचा टंच, नळ्यांची संख्या, खुणा आणि नावं, कुठून आणि केव्हा घेतली, किंमत, आधीची दुरुस्ती. घरच्यांनी सांगितलेली माहिती त्यांच्याच शब्दांत लिहा आणि ती ‘ऐकीव’ म्हणून वेगळी ठेवा. फोटो मिटलेल्या आणि उघड्या झाकणाचे, शेजारी मोजपट्टी ठेवून.

कायद्याचं थोडक्यात: पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या मुलाला किंवा सुनेला भेट म्हणून पाठवणंही यात येतं. डबी शंभर वर्षांहून कमी वयाची पण दिसायला जुनी असेल, तर प्रवासाआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. विमानतळावर अडल्यानंतर तो मिळवता येत नाही.